परतीची गाडी ठाऊक असलेली माणसं

डोंगर चढवणारे गट साताऱ्यात पैशाला पासरी झालेत. पहाटे पोवई नाक्यावर गाडी उभी करायची, वासोटा नाहीतर कमळगड गाठायचा, रात्री उशिरा आणून सोडायचं आणि माणशी हजाराच्या पुढे घ्यायचे. मला त्यातलं काही नको होतं. मी साठी ओलांडलेली, लेडीज टेलर, आठवडाभर मशीनवर वाकून बसणारी. रविवारी चार तास चालायला मिळावं, सोबत असावी आणि दिवेलागणीच्या आत घरी यावं, एवढीच मागणी. त्या मागणीला पुरा पडणारा एक गट मला सापडला. नाव लिहीत नाही, कारण पुढे त्यांच्या चुकाही लिहिणार आहे आणि राजवाड्यावर रोज गाठ पडते. शोधायचा असेल तर रविवारी सकाळी सातला स्टँडवर जा. काठ्या, टोप्या आणि डब्यांच्या पिशव्या घेतलेला घोळका दिसला की समजायचं, हेच ते.

यांचा नियम एकच. जायचं एसटीनं, यायचंही एसटीनं. फी शंभर रुपये, तिकीट आपापलं, डबा आपापला. शंभर रुपयांत चहा एकदा, तोही फाट्यावरच्या टपरीवरचा. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पासष्टीच्या पुढच्या पुरुषांना अर्धं, पंचाहत्तरीच्या पुढे फुकट. गटात आम्ही बायका आणि आजोबामंडळीच जास्त का, याचं उत्तर तिथंच आहे. गावाकडची माणसं कौतुकानं म्हणतात, "या वयात डोंगर चढता!" चढतो बाबा, अर्ध्या तिकिटात चढायला मिळतोय तर का नाही?

आता शंभर रुपये नेमके कशाचे, हा प्रश्न मलाही पडला होता. वाट दाखवण्याचे म्हणावं, तर सज्जनगडची वाट कुणीही दाखवेल. ते पैसे परतीच्या गाडीचे आहेत, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. गटात एक काका आहेत. डोंगराचं त्यांना फारसं कौतुक नाही, गडावर पोचले की सावली बघून बसतात. पण शनिवारी संध्याकाळी हा माणूस न चुकता स्टँडवर जातो आणि कंट्रोलरशी बोलून येतो. कुठल्या गावची फेरी शाळेच्या पोरांसाठी आहे आणि म्हणून रविवारी सुटत नाही, कुठली मुक्कामी गाडी सोमवारी पहाटेच परत फिरते, दुपारची शेवटची गाडी गावात येते की फाट्यावरूनच वळते, हे सगळं त्यांच्या खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. पेन्सिलीनं का, तर दर मोसमाला खोडायला लागतं म्हणून. शिवाय दुसरा बेत तयार असतो. ही गाडी हुकली तर किती चाललं की मोठा रस्ता लागतो आणि तिथे हात केल्यावर कुठल्या आगाराची गाडी थांबते, तेही वहीत. फोनवर वेळापत्रक बघणाऱ्या पोरांना हे काका हसत नाहीत. नुसते म्हणतात, "बघा की. मिळालं तर मलाबी सांगा."

एसटीनं जाण्यात एक फायदा असा आहे, जो मोटारवाल्यांच्या लक्षात येत नाही. गाडी पायथ्याला लावली की माणूस तिला बांधला गेला. कितीही चाला, परत तिथंच यायचं. आम्ही एका गावात उतरतो आणि दुसऱ्याच गावात गाडीत बसतो. कासच्या रस्त्यावर जाणाऱ्या गाडीनं यवतेश्वरला उतरायचं, देवदर्शन करायचं, कड्याकडेनं थोडं हिंडायचं आणि पायवाटेनं महादऱ्याच्या तळ्यावर उतरून सरळ समर्थ मंदिराकडे घरी. परतीचं तिकीटच नाही. वर चढायचे कष्ट बसनं घेतले, पण उतरताना अख्खं सातारा पायाखाली उघडत जातं, अजिंक्यतारा समोर. बारक्या जिवांनी, सांधे दुखणाऱ्यांनी सुरुवात करायची तर याच चालीनं, म्हणजे याच पायी फेरीनं, करावी असं मी सांगेन. फक्त पावसाळ्यात नको, शेवाळ फार असतं.

त्यांची सगळ्यात चांगली चाल सज्जनगडची. म्हणाल, सज्जनगडाला काय चालायचं, गाड्या तर पार वाहनतळापर्यंत जातात आणि मग थोड्या पायऱ्या. खरं आहे. पण हे लोक परळीत उतरवतात. बस राजवाड्यावरून समर्थ मंदिराकडे, तिथून बोगद्यातून बाहेर पडली की हवा बदलते, थंडीत तर खिडकी लावून घ्यावी लागते. परळीला उतरल्यावर आधी गावातलं जुनं महादेवाचं देऊळ. कोरीव खांबांचं, यादवकाळाकडे बोट दाखवणारं. गडावर हजारो माणसं येतात, पण या देवळात आम्ही गेलो तेव्हा एक कुत्रं आणि एक चप्पल दुरुस्त करत बसलेले आजोबा सोडून कुणी नव्हतं. गटात एक मॅडम आहेत, शाळेत शिकवायच्या, त्या इथं दहा मिनिटं थांबवतात आणि बोलतात. बोलणं थोडकं असतं, ही त्यांची मोठी गोष्ट. मग गावामागून जुनी चढणीची वाट. मधेमधे दगडी पायऱ्या, झिजून मधोमध खोलगट झालेल्या. डांबरी रस्ता नव्हता तेव्हा सगळी वर्दळ इथूनच होती, हे त्या खोलगट पायऱ्यांकडे बघून कळतं.

वर दुसऱ्या दरवाजात फारसी शिलालेख आहे. मी लहानपणापासून दासनवमीला गडावर येते. त्या शिलालेखाखालून किती वेळा गेले असेन, पण मान वर करून तो पहिल्यांदा पाहिला तो या गटाबरोबर. गडाचं आधीचं नाव परळीच. शिवाजी महाराजांनी तो १६७३ मध्ये घेतला, समर्थ इथे १६७६ पासून राहिले आणि १६८२ च्या माघात इथंच गेले. सज्जनगड हे नाव त्या मधल्या वर्षांतलं. मॅडमनी एवढंच सांगितलं आणि म्हणाल्या, "चला, पंगत चुकेल."

पंगतीची वेळ साधून चढण ठरवलेली असते, याला मी पैकीच्या पैकी गुण देते. भात, आमटी आणि गव्हाची खीर. खीर वाढणारा माणूस तुमच्या 'पुरे'कडे लक्ष देत नाही. दीड तास चढून आल्यावर ती गरम खीर ताटात भातापर्यंत वाहत जाते आणि आमटी कुठली, खीर कुठली हे कळेनासं होतं. मी खाणावळीतलं, लग्नातलं, सगळीकडचं जेवलेय. भूक लागल्यावर जेवण काय लागतं ते इथे कळतं. डबा आणलेला असतो तो परतीच्या गाडीत शेजारणीला दिला जातो. जेवणानंतर गडाच्या पार टोकाला धाब्याच्या मारुतीपर्यंत जायचं. तिथून उरमोडी धरणाचं पाणी दिसतं, वारा पदर हातात ठेवू देत नाही. बहुतेक भाविक इथपर्यंत येतच नाहीत, समाधीचं दर्शन झालं की माघारी.

आणि आता तक्रार. उतरताना गटाला शेपूट नसतं. पुढे मॅडम, मधे पोरंसोरं आणि मागे आम्ही गुडघेवाल्या तिघी-चौघी, आमच्या मागे कुणीच नाही. चढताना सगळे एकमेकांसाठी थांबतात, उतरताना प्रत्येकाला गाडी दिसू लागते. वाट दोन ठिकाणी फुटते. एका फाट्याला आम्ही उभ्या राहिलो, हाका मारल्या, उत्तर नाही. शेवटी मोळी घेऊन येणाऱ्या एका बाईनं हनुवटीनंच दिशा दाखवली. "तुमची मान्सं गेली की तिकडनं, शिट्ट्या मारत." खाली पोचलो तर मंडळी पारावर बसून भेळ खात होती. मी तिथल्या तिथे सुनावलं. पुढच्या चालीला एका मुलाला मागे ठेवला, गळ्यात शिट्टी देऊन. छान झालं. त्याच्या पुढच्या चालीला तो मुलगा आला नाही, शिट्टीही आली नाही. शंभर रुपये घेता तर मागचा माणूस ठरलेला हवा, ज्याला यायला जमेल तो नव्हे.

दुसरी गोष्ट 'सोपा' या शेऱ्याची. आदल्या आठवड्याला ग्रुपवर यादी टाकतात, प्रत्येक चालीपुढे सोपा, मध्यम, अवघड. नांदगिरीचा कल्याणगड यांनी 'सोपा' म्हणून टाकला होता. साताऱ्याहून सातारारोडकडे जाणारी गाडी, मग नांदगिरी गाव, मग गड. चढ म्हणावा तर खरंच सोपा. पण त्या गडाची खरी गंमत खडकातल्या गुहेत आहे, आणि तिथे आत काळोख आणि पाण्यातून चालत जावं लागतं. आत पार्श्वनाथाची मूर्ती आहे, दत्त आहेत. कठडा धरून, बॅटरी घेऊन जायचं. निम्म्या बायका साडीत. कुणाकडे बॅटरी नाही, फोनचा उजेड, आणि फोन धरायचा की कठडा धरायचा की निऱ्या धरायच्या? मी आत गेले आणि फार आवडलं, पाणी इतकं गार की पाय बधिर झाले. पण मधुमेहाच्या दोघीजणी बाहेर पायरीवर बसून राहिल्या, त्यांचं वाईट वाटलं. 'सोपा, पण पाण्यात उतरायचं आहे, बॅटरी आणि जादा कपडे आणा' एवढी ओळ लिहायला काय लागतं?

लिंबच्या विहिरीची चाल मात्र सगळ्यांना झेपेल. हायवेवर लिंब फाट्याला उतरायचं, उसाच्या आणि हळदीच्या शेतांतून गावात. बारा मोटांची विहीर फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असते. प्रत्यक्षात वरून काहीच दिसत नाही, जमिनीत उतरणारा जिना आणि झाडं. जिन्यानं खाली गेलं की दोन्ही बाजूंनी दगड वर चढत जातो आणि एकदम विहीर समोर येते. अष्टकोनी, सुमारे पन्नास फूट रुंद आणि एकशे दहा फूट खोल. विहिरीच्या पोटातच छोटा महाल आहे. त्याच्या खांबांवर गणपती, मारुती, कमळं, हत्तीवरची स्वारी असं कोरलेलं आहे, आणि वर मोटा ओतायच्या जागा रांगेनं. बारा मोटा एका वेळी चालायच्या. चोवीस बैलांच्या पावलांचा आणि चाकांचा आवाज त्या महालात बसलेल्याला कसा ऐकू येत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून बराच वेळ जाईना.

इथं आम्हांला माहिती सांगायला दुसराच एक तरुण होता, मॅडम नव्हत्या. त्यानं ठणकावून सांगितलं, "ही विहीर सोळाशे एक्केचाळीस ते सेहेचाळीसमध्ये बांधली." पोरांनी फोनवर तसंच टिपून घेतलं. अहो, ते शके आहेत! शके १६४१ ते १६४६. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा, सन १७१९ ते १७२४ येतं. बांधणाऱ्या वीरूबाई भोसले शाहू महाराजांच्या काळातल्या, आणि शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला तो १७०८ मध्ये. सन १६४१ ला शिवाजी महाराजच अकरा वर्षांचे होते. माझं शिक्षण दहावीपर्यंत, पण कॅलेंडरवर शक आणि सन दोन्ही छापलेलं असतं, ते मी रोज बघते. मी हे तिथे बोलले तर त्या मुलानं गोड हसून "हो काकू" म्हटलं आणि पुढच्या घोळक्याला पुन्हा सोळाशे एक्केचाळीसच सांगितलं. मॅडम असत्या तर हे झालं नसतं. तेव्हा चालीला कोण येणार आहे ते आधी विचारून घ्या, हा माझा सल्ला.

विहिरीनंतर कृष्णाकाठी कोटेश्वराच्या देवळापर्यंत चालून, घाटावर डबे उघडायचे. ठेचा, भाकरी, कुणाचे धपाटे, आणि कोरेगावच्या एका ताईंचा घेवडा. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला मानांकन मिळालंय ते उगीच नाही, गार झाल्यावरही मऊ राहतो.

एक विषय कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. बायकांना लघवीला कुठे जायचं? मोटारीनं जाणाऱ्यांना पेट्रोलपंप असतो, हॉटेल असतं. एसटीनं खेड्यात उतरलं की काही नाही. मी याआधी दोन-तीन गटांबरोबर गेले होते, त्यातल्या पुरुषांच्या हे डोक्यातच नसायचं, "झाडं आहेत की" म्हणायचे. बायका मग सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. या गटात मॅडम गावात उतरल्या उतरल्या आधी एखाद्या घरापाशी जातात. पोलिसपाटलांचं घर, नाहीतर शाळेच्या बाईंचं, नाहीतर जिथं अंगणात म्हातारी बसलेली असेल ते. "मावशी, आम्ही आठ-दहा जणी आहोत, जरा..." एवढंच. कुणीही आजवर नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही. उलट आतून पाण्याचा तांब्या येतो, कुठे गुळाचा खडा, एका घरात तर शेंगा निवडत बसलेल्या सुनेनं ओंजळभर शेंगा ओटीत टाकल्या. परतताना त्याच दारावरून जायचं आणि सांगून जायचं, ही मॅडमची पद्धत. माझ्या मते शंभरातले पन्नास रुपये यासाठीच द्यावेत.

बाकीच्या चाली मी भराभर सांगते. देगावची गाडी पकडून पाटेश्वर, दाट झाडी, पुष्करणी आणि खडकात कोरलेल्या असंख्य पिंडी. तिथली अग्निवृषाची मूर्ती नीट निरखून बघा, निम्मा माणूस आणि निम्मा बैल असा देव मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पावसाळ्यात चढ नको असेल तर माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम, देवळं, आणि शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी, नातवंडांना घेऊन जायला उत्तम. जरंडेश्वर मात्र दमवतो, श्रावणी शनिवार टाळा. ठोसेघरला हा गट पावसाळी रविवारी नेतच नाही आणि बरं करतो, त्या दिवशी रस्त्यावर गाड्यांची रांग असते आणि त्या रांगेत बसही अडकते. कासचंही तसंच. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यापासून फुलांच्या दिवसांत नोंदणी, शुल्क, गर्दी. आमचे लोक बामणोलीच्या गाडीनं फुलं संपल्यावर, नोव्हेंबरात नेतात. तेव्हा पठारावर वाळकं गवत असतं आणि तळ्याचं पाणी निळंशार. फुलं बघायला आलेल्या दोन नवीन मुली हिरमुसल्या होत्या. त्यांना कुणी आधी सांगायला हवं होतं.

आता कुणी जावं. ज्याला घड्याळाची घाई आहे त्यानं जाऊ नये. फाट्यावर बसून तासभर वाट बघायची तयारी हवी. मला तो तास आवडतो, मी लोकरीचं विणकाम नेते. पण मागच्या खेपेस पुण्याहून आलेला एक मुलगा दर पाच मिनिटांनी उठून रस्त्याकडे बघत होता, शेवटी काकांनी त्याला हाताला धरून बसवलं. "तू बघितलंस म्हणून ती लवकर येणार न्हाई." गाडी आली की जागा मिळेलच असं नाही, उभ्यानं यावं लागतं. रविवारी संध्याकाळी आठवड्याभराची कपडे-धान्य घेऊन शहराकडे परतणारी पोरं असतात, त्यांची ओझी असतात. डब्याची पिशवी छोटी ठेवा. कंडक्टरला बारा जणांचं तिकीट एकदम मागू नका, अर्धी-पुरी-फुकट असा हिशेब करताना त्यांचाही जीव जातो. आधारकार्ड हातात काढून ठेवा आणि सुट्टे द्या.

पाचपैकी चार तारे. मागचा माणूस कायमचा ठरला तर साडेचार.

चाली संपल्या की ते गटाचा टी-शर्ट घ्यायचा आग्रह करतात, साडेतीनशे रुपये. शेजारणीनं घेतलाय, मी उलटा करून पाहिला. बाजूची शिवण एकेरी मारलेली, गळ्याची पट्टी दुसऱ्याच धुण्यात वर आलीय, आणि पाठीवरचं डोंगराचं चित्र बगलेकडे सरकलेलं. मी मॅडमना सांगितलंय, कापड आणून द्या, तेवढ्याच पैशात नीट शिवून देते. अजून कापड आलेलं नाही. तोवर आग्रह झाला तर "पुढच्या चालीला बघू" म्हणा.